जोडीदाराच्या इमिग्रंट व्हिसाची मुलाखत : तयारी नेमकी कशाची करावी?

धागालेखिका :

माझ्या पतींची अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठीची मुलाखत गेल्या महिन्यात पार पडली आणि व्हिसा मिळाला. मी अमेरिकेची नागरिक असल्यामुळे आय-१३० ही नातेवाइकासाठीची याचिका माझ्या नावाने होती, परंतु कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर ते एकटेच उभे राहणार होते. तारीख कळल्यापासून आमच्या हाती सात आठवडे होते. त्यांतले पहिले तीन आम्ही चुकीच्या तयारीत घालवले, आणि तीच चूक करणारी जोडपी मला आता वरचेवर भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मुलाखतीपर्यंतची वाट बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ती थोडक्यात सांगते. यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याने, आय-१३० मंजूर केल्यावर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे व्हिसाच्या अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर भरायचे, डीएस-२६० हा अर्ज ऑनलाइन भरायचा, आय-८६४ हे हमीपत्र आणि सगळे दाखले अपलोड करायचे. कागद पुरे असल्याचे एनव्हीसीने कळवले, म्हणजे ज्याला सगळे ‘डीक्यू’ म्हणतात ते झाले, की प्रकरण तारखेच्या रांगेत लागते. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, तरीही कॉन्सुलेटकडे मुलाखतीच्या जागा किती मोकळ्या आहेत यावर ही रांग किती लांबणार ते ठरते.

तारीख आली त्याच रात्री मी ठिकठिकाणांहून गोळा करून त्रेसष्ट प्रश्नांची यादी केली, प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहिले आणि ती पतींना पाठवली. मग रोज रात्री फोनवर मी अधिकारी व्हायचे आणि ते उत्तरे द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा माझी नणंद त्यांच्या शेजारी बसून हा सराव ऐकत होती. ‘तुमची पहिली भेट कशी झाली?’ या प्रश्नावरची त्यांची चार वाक्ये संपली, तेव्हा ती म्हणाली, “दादा, तू पाठ म्हणतो आहेस. मी तिथे होते, तरी मलासुद्धा हे खरे वाटत नाही.” ती खरोखरच तिथे होती, कारण आमची ओळख तिच्याच घरी झाली होती. तिचे ते बोलणे मला फार लागले, कारण आमच्या आयुष्यातला एक अतिशय खरा प्रसंग माझ्या तयारीमुळे खोटा वाटू लागला होता.

त्या दिवशी यादी बाजूला ठेवली आणि वेगळेच काम हाती घेतले. आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारता, आपापल्या जागी बसून, ओळखीपासून आजपर्यंतचा क्रम एका कागदावर लिहिला : पहिली भेट, लग्न ठरणे, नोंदणी, समारंभ, त्यानंतरची प्रत्येक भेट आणि तिचे दिवस. दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर तीन ठिकाणी ते जुळत नव्हते. पहिली भेट त्यांच्या लेखी जूनमधली होती आणि माझ्या लेखी ऑगस्टमधली. जुना फोटो शोधून तारीख पाहिली, तेव्हा दोघेही चुकल्याचे दिसले, ती जुलैतली होती. माझ्या दुसऱ्या फेरीचे दिवस त्यांनी कमी धरले होते. तिसरी तफावत मात्र नुसत्या स्मरणातली नव्हती. आमची नोंदणी आधी झाली आणि समारंभ चार महिन्यांनी झाला. मी आय-१३० मध्ये दाखल्यावरची तारीख लिहिली होती, तर त्यांनी डीएस-२६० मध्ये समारंभाची, कारण त्यांच्या मनात लग्न म्हणजे तोच दिवस होता. दोघांपैकी कोणीही खोटे लिहिले नव्हते, तरी बाहेरच्या माणसाला मात्र एकाच लग्नाच्या दोन तारखा दिसल्या असत्या.

ही तफावत सापडल्यावर आम्ही आमचेच सगळे अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतले, आणि हेच या तयारीतले सर्वांत मोलाचे काम ठरले. आय-१३० सोबत जोडीदाराच्या माहितीचा आय-१३०ए जातो आणि त्यात मागच्या पाच वर्षांचे पत्ते व नोकऱ्या असतात. डीएस-२६० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात, आणि समाजमाध्यमांवरची मागच्या पाच वर्षांतली खातीही २०१९ पासून विचारतात. या दोन अर्जांमध्ये दीड वर्षाचे अंतर होते. एक अर्ज त्यांनी आठवणीने भरला होता, दुसरा जुनी कागदपत्रे पाहून. नोकरी सोडल्याचा एक महिना दोन्हीकडे वेगळा निघाला. तो क्षुल्लक होता. क्षुल्लक नव्हते ते पुढचे.

‘तुम्हाला पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले होते. प्रत्यक्षात आमच्या ओळखीच्याही आधी त्यांनी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “तो कुठे खरा नकार होता? दोन मिनिटांत कागद हातात देऊन परत पाठवले, मला वाटले हा प्रश्न फक्त इमिग्रंट व्हिसाबद्दल आहे.” त्यांचा समज प्रामाणिक होता. पण तो नकार अमेरिकी सरकारच्याच दप्तरात नोंदलेला असतो आणि अधिकाऱ्याच्या पडद्यावर तो दिसतो. शिवाय महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असे अधिकाऱ्याचे मत झाले, तर इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली माणूस कायमचा अपात्र ठरतो. त्यातून सुटायचे तर आय-६०१ चा माफीअर्ज करून नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जोडीदाराला अथवा आईवडिलांना असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील हे सिद्ध करावे लागते. हा प्रश्न ज्या गोष्टीबद्दल होता, ती लपवण्यासारखी अजिबात नव्हती. पर्यटक व्हिसा नाकारला गेल्याने जोडीदाराचा व्हिसा अडत नाही. उत्तर मात्र खोटे ठरले असते.

सादर झालेला डीएस-२६० आपल्याला परत उघडता येत नाही, तो एनव्हीसीने किंवा कॉन्सुलेटने उघडून द्यावा लागतो. आमचे प्रकरण कॉन्सुलेटकडे गेले होते. आम्ही लिहून कळवले, तेव्हा मुलाखतीच्या दिवशीच सांगा असे उत्तर आले. मग एका कागदावर लग्नाची तारीख, नोकरीचा महिना आणि तो नकार, अशा तीन दुरुस्त्या साध्या वाक्यांत लिहून पतींनी तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला.

मुलाखतीच्या दिवशी आधी एका खिडकीवर मूळ कागद घेतले गेले, मग बोटांचे ठसे, मग बराच वेळ बसणे, आणि मग अधिकाऱ्याची खिडकी. उजवा हात वर करून शपथ झाली. शपथ संपताच, पहिला प्रश्न येण्याआधी, पतींनी सांगितले की अर्जात तीन ठिकाणी दुरुस्ती करायची आहे, आणि तो कागद काचेखालून आत सरकवला. अधिकाऱ्याने तो वाचला, संगणकावर काही तरी टंकले आणि विचारले, “तेव्हा कशासाठी जाणार होता?” ते म्हणाले, मित्राला भेटायला. पुढचे प्रश्न चारच होते : ओळख कशी झाली, लग्नाला कोण कोण होते, पत्नी काय काम करते, आणि तिथे गेल्यावर कुठे राहणार. मग फोटोंपैकी एक उचलून अधिकाऱ्याने डावीकडच्या बाईंवर बोट ठेवले आणि या कोण असे विचारले. ती माझी नणंद होती. आमची ओळख तिच्याच घरी झाली हे सांगताना ते हसले, आणि अधिकारीही हसला असे त्यांनी मला नंतर फोनवर सांगितले.

नात्याच्या पुराव्यांबद्दल एवढेच लिहिते की वजनापेक्षा कालखंड महत्त्वाचा आहे. पाचशे पानांचे चॅट कोणी वाचत नाही. आम्ही प्रत्येक तिमाहीतली दोन पाने घेतली, प्रत्येक भेटीची तिकिटे व पासपोर्टवरचे शिक्के घेतले, आणि सोळा फोटो घेऊन प्रत्येकाच्या मागे तारीख, ठिकाण व माणसांची नाती लिहिली. कायद्याचा मूळ प्रश्न काय आहे हे कळले की निवड सोपी होते. १९७५ मधल्या बार्क खटल्यात अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, अपील न्यायालयाने तो स्पष्ट मांडला आहे : लग्न केले त्या वेळी दोघांचा एकत्र आयुष्य उभारण्याचा इरादा होता का? पुढे दोघे वेगळे राहिले म्हणून मूळ लग्न आपोआप खोटे ठरत नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून लग्नाच्या आसपासच्या काळाचे पुरावे विरळ असतील, तर नंतरच्या फोटोंचा ढीग ती उणीव भरून काढत नाही.

आपापले अनुभव आणि शंका जरूर लिहाव्यात.

प्रतिसाद :

अतिशय उपयुक्त लेखन. माझी एक शंका आहे. माझी पत्नी व मी एकमेकांपासून दूर असल्यामुळे आमचे लग्न एका राज्याच्या ऑनलाइन पद्धतीने, व्हिडिओवर झाले. त्या राज्याचा रीतसर दाखला आहे. मुलाखतीत याची अडचण येईल का?

धागालेखिका :

दाखला वैध असला तरी एवढ्यावर थांबू नका. विधीच्या वेळी दोघे एकमेकांसमोर प्रत्यक्ष हजर नसतील, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे लग्नानंतर पती-पत्नी म्हणून सहवास झाल्याशिवाय ते लग्न धरले जात नाही. त्यामुळे लग्नाच्या तारखेनंतर तुम्ही दोघे प्रत्यक्ष एकत्र राहिलात याचा पुरावा, म्हणजे दोघांच्या प्रवासाचे शिक्के, एकत्र मुक्कामाची नोंद, त्या दिवसांतले फोटो, हे तुमच्या फाइलमध्ये सर्वांत आधी हवे. आय-१३० भरण्याच्या आधीच तशी भेट झालेली असणे आवश्यक आहे. ती नंतर झाली असेल, तर मुलाखतीची वाट न पाहता वकिलाचा सल्ला घ्यावा असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद :

आमच्या प्रकरणात प्रेमाचा पुरावा भरपूर होता, अडले ते आय-८६४ वर, म्हणून त्याबद्दल लिहितो. हमी देणाऱ्याचे उत्पन्न कुटुंबाच्या आकारमानाप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. सैन्यात सक्रिय सेवेत असणाऱ्याला जोडीदारासाठी १०० टक्के पुरते. कुटुंब मोजताना स्वतः, आपल्यावर अवलंबून असलेले आणि येणारा जोडीदार, असे सगळे धरायचे. मी तेव्हा परदेशात नोकरी करत होतो. पगार उत्तम होता, परंतु तो त्या परदेशातल्या नोकरीचा होता आणि पत्नीबरोबर परत येताना ती नोकरी सुटणार होती, त्यामुळे तो चालू उत्पन्न म्हणून धरला गेला नाही.

त्याहून मोठा मुद्दा अधिवासाचा निघाला. हमी देणाऱ्याचा अधिवास अमेरिकेत असावा लागतो, आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आपण जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्याबरोबर परत येत आहोत हे दाखवावे लागते. हे मला एनव्हीसीच्या टप्प्यावर कोणी विचारले नाही. खिडकीवर पत्नीला विचारले. तिला त्याचे उत्तर देता आले नाही, कारण मी तिला ते कधी सांगितलेच नव्हते. नंतर आम्ही घर भाड्याने घेतल्याचा करार, नोकरीसाठी केलेल्या अर्जांची उत्तरे आणि मुलाचा शाळाप्रवेश सादर केला आणि प्रकरण सुटले. हमीपत्र आपण भरतो आणि प्रश्न जोडीदाराला विचारले जातात, म्हणून ते पानन् पान दोघांनी मिळून वाचावे.

उत्पन्न कमी पडत असेल तर संयुक्त हमीदार घेता येतो. तो नातेवाईक असण्याची गरज नाही. तो १८ वर्षे पूर्ण केलेला, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आणि अमेरिकेत अधिवास असलेला असावा. त्याने हमी दिली तरी मूळ याचिकाकर्त्याचा आय-८६४ द्यावाच लागतो. मालमत्ताही दाखवता येते, आणि नागरिकाच्या जोडीदाराच्या बाबतीत जितकी तूट असेल तिच्या तिप्पट मालमत्ता लागते.

प्रतिसाद :

संयुक्त हमीदाराबद्दल एक गोष्ट जोडते, कारण ती न सांगितल्यामुळे आमच्या नात्यातल्या दोन कुटुंबांचे संबंध बिघडले. हे हमीपत्र म्हणजे ओळखीपोटी केलेली सही नाही, तो करार आहे. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या कामाच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत, किंवा तिचा मृत्यू होईपर्यंत ती जबाबदारी राहते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही. सही मागण्याआधी हे समोरच्याला बसवून समजावून सांगावे आणि त्याला नाही म्हणायची मोकळीक द्यावी.

प्रतिसाद :

मी ग्रीनकार्डधारक आहे आणि पत्नीचे प्रकरण एफ२ए वर्गात, म्हणजे ग्रीनकार्डधारकाच्या जोडीदार व मुलांसाठीच्या कोट्यात, आहे. पुढील काही महिन्यांत माझा नागरिकत्वाचा शपथविधी होईल. तोवर मुलाखतीची तारीख आली तर थांबावे की जाऊ द्यावे? पत्नीला पहिल्या लग्नापासूनची नऊ वर्षांची मुलगी आहे आणि तिचे नाव माझ्याच याचिकेत आहे.

धागालेखिका :

तुमच्या प्रश्नात एक मोठा धोका दडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. एफ२ए मध्ये मुलगी आईच्या मागे, त्याच याचिकेवर येऊ शकते. तुम्ही नागरिक झालात की पत्नीचे प्रकरण निकटच्या नातेवाइकांच्या वर्गात जाते, कोट्याची रांग संपते, पण त्या वर्गात मागून येणाऱ्या मुलांना जागाच नाही. मुलीसाठी सावत्र वडील म्हणून तुम्हाला स्वतंत्र आय-१३० करावा लागतो. तुमचे लग्न ती १८ वर्षांची होण्याआधी झाले असल्यामुळे ते नाते कायदा मानतो. मी तुमच्या जागी असते, तर शपथविधीची वाट न पाहता मुलीची वेगळी याचिका आजच केली असती, म्हणजे आई पुढे आणि मुलगी मागे अशी वेळ येणार नाही. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती आले की त्याची प्रत एनव्हीसीला, आणि प्रकरण पुढे गेले असल्यास कॉन्सुलेटला, ताबडतोब पाठवावी.

त्याबरोबरच पत्नीच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा आणि मुलीच्या ताब्याचे कागद मूळ स्वरूपात जवळ असू द्यावेत.

प्रतिसाद :

घटस्फोटाच्या कागदाचा विषय निघाला म्हणून आमचा अनुभव सांगतो. माझ्या पत्नीच्या मुलाखतीत सगळे प्रश्न व्यवस्थित झाले, आणि शेवटी तिला कलम २२१(जी) ची चिठ्ठी मिळाली. माझ्या आधीच्या घटस्फोटाच्या निकालाची प्रत आम्ही जोडली होती, पण तिच्यावर न्यायालयाचा प्रमाणित शिक्का नव्हता. संध्याकाळी संकेतस्थळावर प्रकरणापुढे ‘नाकारले’ असा शब्द दिसला आणि घरात अक्षरशः सुतक पसरले. तिने दोन दिवस काही खाल्ले नाही. २२१(जी) खाली थांबवलेल्या प्रकरणापुढे तोच शब्द दिसतो, आणि मागितलेला कागद दिल्यावर प्रकरण पुन्हा हाती घेतले जाते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. कागद देण्यासाठी एक वर्षाची मुदत असते. ती उलटली तर अर्ज रद्द होतो आणि शुल्क भरून नव्याने सुरुवात करावी लागते. आमचा कागद पोचल्यावर सहा आठवड्यांनी व्हिसा आला.

कोणत्या देशाचा कोणता दाखला, कोणत्या कार्यालयाचा चालतो, याची देशवार यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर आहे. जन्म, लग्न, घटस्फोट, पोलीस, सगळ्यांसाठी ती वाचावी. पोलीस दाखल्याचा नियमही नीट पाहावा : वय १६ किंवा अधिक असेल, तर सध्याच्या देशात सहा महिन्यांहून अधिक आणि पूर्वीच्या कोणत्याही देशात सोळाव्या वर्षानंतर वर्षभर राहिले असल्यास तिथला दाखला लागतो. माझ्या पत्नीने शिक्षणासाठी दुसऱ्या देशात चौदा महिने काढले होते, आणि तो दाखला मिळवण्यातच आमचे तीन महिने गेले.

प्रतिसाद :

वैद्यकीय तपासणीबद्दल कोणी लिहिलेले नाही. ती कॉन्सुलेटने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावी लागते, घरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र चालत नाही. लसीकरणाच्या जुन्या नोंदी असतील तर न्याव्यात, नाहीतर घेतलेल्या लसी पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. माझ्या पतींच्या छातीच्या एक्स-रेमध्ये बालपणीच्या आजाराचा जुना व्रण दिसला आणि क्षयरोगासाठी थुंकीची कल्चर तपासणी सांगितली गेली. तिचा अहवाल यायला आठ आठवडे लागतात, त्यामुळे मुलाखतीची तारीख पुढे न्यावी लागली. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे, त्यांनी उपचाराचे जुने कागद आणि जुने एक्स-रे आताच शोधून ठेवावेत. उलट बाजूने, फार आधी तपासणी करणेही हिताचे नाही, कारण तिची मुदत साधारणतः सहा महिन्यांची असते आणि व्हिसाची मुदत त्याच्या पुढे जात नाही.

प्रतिसाद :

मी चित्रफितींमध्ये पाहिले की नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, पलंगाच्या कोणत्या बाजूला कोण झोपते इथपर्यंत विचारतात. माझे लग्न होऊन एक वर्ष झाले आहे आणि त्यातले आम्ही एकूण एकोणचाळीस दिवस एकत्र होतो. अशा प्रश्नांना आम्ही काय उत्तर देणार? या धास्तीने मला झोप लागत नाही.

धागालेखिका :

ती वेगळी मुलाखत आहे. अमेरिकेत राहूनच ग्रीनकार्डसाठी अर्ज करणाऱ्या जोडप्याबद्दल संशय आला, तर यूएससीआयएसच्या कार्यालयात दोघांना वेगवेगळे विचारतात. १९७६ मधल्या न्यूयॉर्कच्या एका खटल्यावरून तिला स्टोक्स मुलाखत म्हणतात. कॉन्सुलेटमध्ये याचिकाकर्त्याला सहसा बोलावलेलेही नसते. तुमचे एकोणचाळीस दिवस ही लाजण्याची गोष्ट नाही, व्हिसा नसल्यामुळे दूर राहणारी जोडपीच तर तिथे येतात. त्या दिवसांत काय केले, कोणाकडे राहिलात, कशावरून वाद झाला, हे तुम्हाला आठवते ना? मग विचारले तेवढे सांगा. न आठवणाऱ्या गोष्टीला ‘आठवत नाही’ हे उत्तर चालते, आणि प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करता येते. फक्त अंदाजाने ठोकून उत्तर देऊ नका.

प्रतिसाद :

तरीही ही मुलाखत गांभीर्याने घ्यावी असे मी आवर्जून सांगेन, कारण नकार आल्यावर दाद मागण्याची वाट फार अरुंद आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ प्रकरणात निर्णय दिला की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, हा नागरिकाचा घटनात्मक मूलभूत हक्क नाही. कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याच्या निर्णयात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. त्यामुळे कोणाचा पूर्वी मुदतीपेक्षा जास्त मुक्काम झाला असेल, अटक झाली असेल किंवा खोटी कागदपत्रे सादर झाली असतील, तर त्यांनी इथल्या कोणाच्याही अनुभवावर विसंबून न राहता मुलाखतीच्या पुष्कळ आधी वकिलाकडे जावे. १८० दिवसांहून अधिक अनधिकृत मुक्काम करून देश सोडला असेल तर तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा अधिक असेल तर दहा वर्षांची बंदी लागते, आणि ती खिडकीवर गोड बोलून टळत नाही.

प्रतिसाद :

व्हिसा मिळाल्यानंतरचे एक विचारायचे आहे. आमच्या लग्नाला दोन वर्षे पूर्ण व्हायला अकरा दिवस उरले आहेत आणि पासपोर्टवर सीआर१ असे, म्हणजे सशर्त ग्रीनकार्डाच्या व्हिसाचे नाव, छापून आले आहे. हे चुकीचे आहे का?

धागालेखिका :

छापताना ते बरोबरच होते. ग्रीनकार्ड सशर्त मिळणार की दहा वर्षांचे, हे अमेरिकेत प्रवेश करण्याच्या दिवशी लग्नाला किती काळ झाला यावर ठरते. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी गेलात, तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळेल आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ती अट काढण्यासाठीचा आय-७५१ भरावा लागेल. व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर मी बारा-तेरा दिवस थांबून जाईन आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर१, म्हणजे बिनशर्त, अशी नोंद करण्याची विनंती करीन. जाण्याआधी यूएससीआयएसचे इमिग्रंट शुल्क ऑनलाइन भरून टाकावे, ते १ एप्रिल २०२४ पासून २३५ डॉलर आहे. ते भरल्याशिवाय कार्ड छापले जात नाही. कार्ड येईपर्यंत प्रवेशाचा शिक्का पडलेला व्हिसाच एक वर्षापर्यंत कायम रहिवासाचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून तो पासपोर्ट नीट जपावा.

प्रतिसाद :

तुमचे पहिले लेखन वाचून काल रात्री आम्ही दोघांनी क्रम लिहायचा प्रयोग केला. माझ्या मुलाखतीला नऊ दिवस आहेत. आमचे कागद एका ठिकाणी जुळले नाहीत : पत्नीच्या मागच्या भेटीत ती माझ्याकडे किती दिवस राहिली, यावर. शेवटी तिचे विमानाचे तिकीट काढून पाहिले. ते करताना माझ्या लक्षात आले की डीएस-२६० मध्ये मी माझ्या जुन्या वसतिगृहाचा पत्ता लिहिलेलाच नाही. कॉन्सुलेटला कळवले, तर त्यांनी आज सकाळी अर्ज उघडून दिला. आता दुरुस्ती करून पुन्हा सादर करतो आहे. पूर्वीच्या पुष्टिपत्राची छापील प्रत फाइलमध्ये आहे, ती चालेल का?

धागालेखिका :

नाही, दुरुस्त अर्ज सादर केल्यानंतर येणारे नवे पुष्टिपत्र छापून घ्या आणि जुने फाइलमधून काढून टाका. सादर करण्याआधी बाकीची पानेही एकदा दोघांनी मिळून वाचा, कारण तो पुन्हा उघडून मिळेलच असे नाही.